शिल्लक निधीची स्वारी आणि शिंपीणबाईंची फत्ते

पुढील पिढ्यांनी पुसिले की, गल्लीतील फरशी त्या साली शाबूत कैसी राहिली, तर उत्तर असावे म्हणोन सेवकाने हे लिहिले. सेवकाचे इस्त्रीचे दुकान रणभूमीस लागोनच. सबब जे लिहिले ते डोळां देखिले, आणि धूळ तर दर साल नाकांत घेतली.

दस्तुर ऐसा की, वर्षअखेरीस सरकारी निधी शिल्लक राहिला तर पुढील साली कमी मिळतो. म्हणोन अखेरच्या महिन्यांत पहारी, फावडी, खडीचे ढीग ऐसा तोफखाना गल्लीत उतरावा, आणि चांगली फरशी उखडोन तैसीच फरशी बसवावी, आणि मध्ये चाळीस रोज खंदक उघडा ठेवावा. खंदकाचे अलीकडे शिंपीणबाईंचे दुकान, पलीकडे त्यांचे घर. घरी सासूबाई, वय ब्याऐंशी, काजे करण्यांत नामांकित, काठी टेकीत रोज दुकानी येत. गेल्या साली चाळीस रोज नजरकैदेत पडल्या. खिडकींतोन दुकानाकडे पाहात बसत, जेवण कमी जाहले, आणि बोलणे त्याहून कमी. ते पाहोन शिंपीणबाईंचा जीव तीळतीळ तुटला आणि मग त्यांनी मोहीम मनीं धरिली.

खासा स्वारी आमदारसाहेबांचे कचेरीत गेली. हाती कापडाची पिशवी, गळां मापाची टेप. सहायकांनी छापील अर्ज पुढे केला, त्यांत रस्ता, गटार, दिवा, इतर ऐसे रकाने. बाईंनी 'इतर' ह्या रकान्यांत लिहिले की, काही करू नये. सहायक बहुत वर्षांचे मुरलेले, परंतु ऐसे काम त्यांनी देखिले नव्हते. लांबी किती, म्हणोन पुसिले. बाईंनी सांगितले, दुकानापासोन घरापर्यंत. मग काम कधी सुरू करावे, हेही पुसिले.

साहेब दिलाने बरे, परंतु उद्घाटनाचे शौकीन. आंधळा मागतो एक डोळा, हे त्यांस ठाऊक. येथे बाई म्हणतात, देऊ केलेला परत न्या. साहेबांनी नक्षीदार फरशी देऊ केली, बाक देऊ केला, आणि मग कारंजेही देऊ केले. बाई बधल्या नाहीत.

शेवटी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दर वर्षी आम्हाला काहीतरी देता. या वर्षी फक्त आमच्या आईंना गल्ली ओलांडू द्या."

साहेबांनी कारंज्याची गोष्ट तेथेच सोडिली. त्यांच्याही घरी गुडघेदुखीची आई होती.

मग साहेबांनी विधिमंडळी उभे राहोन विनंती केली की, माझे गल्लीचा निधी परत घ्यावा, आणि उरला म्हणोन उडविण्याचा दस्तुरच मोडावा. सभागृह ऐसे स्तब्ध जाहले की, अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक बिघडला समजोन नवा मागविण्याचा हुकूम दिला. दस्तुर मोडला नाही, एका समितीकडे गेला. परंतु एका गल्लीचा निधी परत गेला, हेही थोडके नव्हे. ठरल्या रोजी तोफखाना गल्लीच्या तोंडाशी आला आणि कागद पाहोन शेजारच्या गल्लीत वळला.

साहेबांचा एकच हट्ट राहिला, उद्घाटन पाहिजे. शिळा बसवावी तर खणावे लागते. सबब तह ऐसा ठरला की, फीत बाईंची, आणि ती कापावयाची नाही, गाठ सोडावयाची. साहेबांनी न केलेल्या कामाची गाठ सोडिली, टाळ्या जाहल्या, आणि बाईंनी फीत गुंडाळोन पिशवीत घातली.

मग सासूबाई काठी टेकीत निघाल्या. तमाम गल्ली उभी राहोन पाहात होती, सेवकही पाहात होता. मध्यावर थांबोन त्यांनी काठीने एक फरशी दाबिली.

"ही हलते गं," त्या म्हणाल्या.

बाई कानाशी वाकोन म्हणाल्या, "हळू बोला, आई. साहेब अजून कोपऱ्यावरच आहेत."

सासूबाई दुकानी पोहोचल्या, स्टुलावर बैसल्या आणि सुई मागितली. दोप्रहरी बाईंनी जाड कापडाची चिंधी घडी करोन हलत्या फरशीखाली सारिली, आणि मोहीम पूर्ण जाहली. ऐसी ही फत्ते दाखल केली असे. सरकारचा खर्च काही नाही. सेवकाचे इस्त्रीखाली सदरा एक जळाला.