हिरवाक्काचा ढीग

एका जंगलात एक बाग होती आणि बागेच्या कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग होता. नाकं मुरडू नका, मुलांनो. कचरा कुजला की आतून छान ऊब येते. त्या उबेत हिरवाक्का नावाच्या गवत्या सापिणीने अकरा अंडी घातली होती. गवत्या म्हणजे हिरवा, गरीब, बिनविषारी साप.

एका सकाळी बागसमितीचे अध्यक्ष साळिंदरराव फावडं घेऊन आले. त्यांना पपईला खत घालायचं होतं. फावडं अंड्यांवर पडणार, तोच हिरवाक्का घाबरून उभी राहिली. घाबरला की गवत्याची मान फुगते.

"नागोबा!" साळिंदररावांच्या हातून फावडं पडलं.

"अहो, मी साधी गवत्या आहे."

"काय हा विनय!" साळिंदररावांनी हात जोडले. "खरा नाग कधी स्वतःहून सांगेल का?"

दुपारपर्यंत ढिगाला हळदकुंकू लागलं. सशिणी दुधाच्या वाट्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. हिरवाक्काला दूध पचत नसे, पण फावडं टळलं म्हणून ती खूश होती.

चौथ्या दिवशी ढीग गार पडला. कारण कचरा टाकणं बंद झालं होतं.

"अहो, चार केळीची सालं तरी टाका!" ती कळवळून म्हणाली.

"देवाच्या अंगावर कचरा? शिव शिव!" सशिणी म्हणाल्या आणि दूध ठेवून गेल्या.

हिरवाक्काने अंड्यांना वेटोळं घातलं. पण सापाच्या अंगात कुठली आलीय ऊब? ती ढसाढसा रडली.

"रडू नका, आक्का," बेडूक बापू म्हणाला. तो नेहमी पाच उड्या लांबूनच सांत्वन करायचा. "आज समितीची बैठक आहे. काहीतरी ठरेल."

ठरलंच. संध्याकाळी ढिगाशेजारी लालभडक अक्षरांत पाटी लागली : 'पवित्र स्थान. येथे कचरा टाकू नये. हुकुमावरून.'

"संपलं सगळं," हिरवाक्का म्हणाली.

सकाळी एका माकडाने पाटी वाचली. अगदी मोठ्याने, शेवटपर्यंत वाचली. मग हातातलं केळीचं साल ढिगावर भिरकावलं. पाठोपाठ वांग्याची देठं आली, कोथिंबिरीच्या काड्या आल्या, शिळा भात आला. कुणीतरी फाटकी गादीसुद्धा आणून टाकली. सशिणींनी दुधाबरोबर गाजराचे शेंडेही आणले.

सगळ्यांत शेवटी साळिंदरराव बादली घेऊन आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बादली उपडी केली, नमस्कार केला आणि लगबगीने निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ढिगातून वाफा निघू लागल्या. काही आठवड्यांनी अकराच्या अकरा पिल्लं बाहेर आली. बापूने मुक्काम आणखी दहा उड्या लांब हलवला.

"आई, त्या पाटीवर काय लिहिलंय गं?" धाकट्याने विचारलं.

"सुस्वागतम्," हिरवाक्का म्हणाली.

तात्पर्य : लोकांना चांगल्या कामासाठी हातापाया पडून विनवू नये, सक्त मनाई करावी. आणि हो, ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही.