कुणी काही ठरवायचं नाही

"माझ्याकडून एक शब्दही निघणार नाही," टेलरबाईंनी जाहीर केलं आणि गळ्यातली मापाची टेप काढून मशीनवर ठेवली. टेप गळ्यातून काढणं म्हणजे त्यांच्या लेखी शपथच. ती टेप जेवतानाही गळ्यात असायची.

समोर सिस्टर आणि चिंगी बसल्या होत्या, शिवायला आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत जागा करून. सिस्टर म्हणजे इस्पितळातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स. त्यांना घरचे, दारचे, मैत्रिणी, सगळेच सिस्टर म्हणत. चिंगी पोस्टाच्या काउंटरवर मॅडम होती, तिथे लोक तिला घाबरायचे. पण कॉलेजात पडलेलं नाव पिकल्या केसांनाही सोडत नाही, त्यामुळे इथे ती चिंगीच.

ठराव सिस्टरचा होता. रविवारी सकाळी स्टँडवर भेटायचं, जी गाडी समोर उभी दिसेल तिच्यात बसायचं, जिथे वाटेल तिथे उतरायचं, रात्र तिथेच काढायची. कुणी काही ठरवायचं नाही.

"पुढच्या आठवड्यात मी लेकीकडे जातेय, ते कायमची," सिस्टर म्हणाल्या. "तिनं माझी खोली लावून ठेवलीय. पडद्यांचा रंग ठरलाय. सकाळी कुठल्या बागेत फिरायचं ते ठरलंय. इतकी वर्षं ड्यूटीच्या तक्त्यात माझं नाव जिथे लिहिलं तिथे मी उभी राहिले. आता एकच दिवस असा द्या, की पुढच्या वळणावर काय आहे ते कुणालाच माहीत नाही."

कॉलेजात असताना तिघी एकदा अशाच गेल्या होत्या. समोर आली त्या गाडीत बसल्या, पाणी दिसलं तिथे उतरल्या, आणि घरी आल्यावर तिघींनी आपापल्या आईची भरपूर बोलणी खाल्ली. त्यानंतर दर भेटीत एक वाक्य ठरलेलं, "परत एकदा असंच जायला हवं." मग कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची बारावी. ते वाक्य बोलून बोलून गुळगुळीत झालं, पण जाणं काही झालं नाही.

म्हणून टेलरबाईंनी शब्द दिला. दिला तेव्हा तो खरा होता, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. मैत्रिणी गेल्या, दार लागलं, आणि सिस्टर ज्या स्टुलावर रोज संध्याकाळी चहा घेत बसायची ते स्टूल त्यांना रिकामं दिसलं. इस्पितळातून घरी जाताना सिस्टर तिथे टेकायची, गप्पा मारता मारता उसवायचे कपडे उसवून द्यायची. पुढच्या आठवड्यापासून त्या स्टुलावर कपड्यांचा गठ्ठा चढेल, दुसरं काय होणार? टेलरबाईंना त्या स्टुलाकडे बघवेना.

आणि असं काही झालं की या बाईंना काहीतरी बेतावंसं वाटतं. त्यांचा स्वभावच तो. दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाहीत, शिवणीत कापडाची माया जरा जास्तच सोडणार. त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. जागा मिळाली नाही तर? सिस्टरला ॲसिडिटी, वेळेवर खायला मिळालं नाही तर? हा दिवस बिघडला तर दुसरा आणायचा कुठून?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन फिरवला. त्यांच्या एका गिऱ्हाइकाची बहीण गावाबाहेर मोठ्या तळ्याकाठी लॉज चालवत होती.

"तीन जणी येऊ. तळं दिसेल अशी खोली. जेवण गरम, आमच्या सिस्टरचं कमी तिखट," टेलरबाई म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. तुम्ही मला ओळखत नाही. आम्ही अगदी अचानक आलोय असं वाटलं पाहिजे."

"ते माझ्यावर सोडा," लॉजवाल्या बाई म्हणाल्या. "मी पूर्वी हौशी नाटकांत कामं केलीयत."

हे ऐकून टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. खरं तर इथेच त्यांना घाम फुटायला हवा होता.

रविवारी सकाळी तिघी स्टँडवर जमल्या. चिंगीची बॅग एवढी फुगली होती की ती तिला दोन्ही हातांनी ओढत होती.

"हे काय? एका रात्रीसाठी?" सिस्टरनं विचारलं.

"कुठे जायचं ते माहीत नाही, मग काय लागेल ते कसं कळणार? सगळंच घेतलं. इस्त्रीसुद्धा."

समोर एक गाडी उभी होती. दुर्दैवानं ती भलतीकडे, खाणींच्या गावाला जाणारी. तळ्याकडची गाडी यायला अजून अवकाश होता. सिस्टरनं आनंदानं पायरीवर पाय ठेवला.

"चला, हीच आपली."

टेलरबाईंना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला आणि बाकावर बसकण मारली. "मला जरा गरगरतंय गं."

गरगरण्याचं सोंग करावं, पण ते नर्ससमोर करू नये. सिस्टरनं पायरीवरून उतरून त्यांचं मनगट धरलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वॉर्डातली रेषा उमटली.

"टेप, तुझी नाडी केवढी पळतेय."

मैत्रिणी टेलरबाईंना टेप म्हणत. नाडी पळत होती ती खोटं बोलल्यामुळे, पण हे सांगायची सोय नव्हती. सिस्टरनं त्यांना आडवं केलं, पाय चिंगीच्या बॅगेवर उंच ठेवले, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. भोवती माणसं जमली. एका गृहस्थानं कांदा हुंगायला द्या म्हणून सुचवलं.

"जाणं रद्द," सिस्टर म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्यात माघार नव्हती. "आधी डॉक्टरकडे जाऊ. फिरणं काय, होईल कधीतरी."

कधीतरी! इतकी वर्षं तेच तर म्हणत आलो होतो. तेवढ्यात खाणींच्या गावची गाडी धूर सोडत निघून गेली आणि तिच्या जागी तळ्याची गाडी येऊन उभी राहिली. टेलरबाई ताडकन उठून बसल्या.

"गेलं गरगरणं. एकदम ठणठणीत. चला, ही बघा गाडी उभीच आहे."

सिस्टरनं पुन्हा नाडी पाहिली. ती अजून पळतच होती. पण पेशंट तोवर गाडीत चढून खिडकीची जागा धरून बसला होता.

तळं दिसल्यावर "अगं बाई, पाणी" असं टेलरबाई इतक्या जोरात म्हणाल्या की ड्रायव्हरनं गाडी थांबवली. तिघी उतरल्या. रस्त्याला लागूनच लॉज. "बघू या का विचारून?" टेलरबाई सहज म्हणाल्याचा आव आणून म्हणाल्या.

लॉजवाल्या बाई दारातच होत्या. काजळ घातलं होतं. तिघींना पाहून त्यांनी एक पाऊल मागे घेतलं.

"कोण आपण? आणि अशा न कळवता?"

"एखादी खोली मिळेल का?" टेलरबाईंनी विचारलं आणि डोळा मिचकावला.

"खोली?" बाईंनीही डोळा मिचकावला, पण आवाज चढवून म्हणाल्या, "एकही नाही. सगळं लॉज भरलंय. बाहेरची माणसं व्हरांड्यात झोपायला तयार आहेत."

मागे व्हरांड्यात एक मांजर झोपलं होतं, बाकी सगळा शुकशुकाट. लॉजवाल्या बाईंचा बेत असा, की या विनवण्या करतील, आपण थोड्या पाघळू, आणि शेवटी कपाळाला हात लावून एक खोली काढून देऊ. नाटकात असंच असतं.

पण सिस्टरनं विनवण्या केल्याच नाहीत. त्यांचा चेहरा उजळला.

"जागा नाही? वा, हे झकास झालं. चला गं." आणि राउंडला निघाल्यासारख्या त्या झपाझप चालूसुद्धा लागल्या.

लॉजवाल्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पायऱ्या उतरून मागे धावल्या. "अहो, थांबा. आत्ताच एक खोली रिकामी झाली. तळं दिसतं तिथून."

"नको हो," सिस्टर मायेनं म्हणाल्या. "व्हरांड्यात झोपणारी माणसं आहेत ना तुमच्याकडे? त्यांना द्या."

आतून फोडणीचा वास आला. चिंगीनं मान वळवून पाहिलं, तिचे डोळे भरून आले. टेलरबाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, की अगं, तीन पलंग आहेत, धुतलेल्या चादरी आहेत, तुझ्यासाठी कमी तिखटाचं वेगळं काढलंय. पण मग तो दिवस उरला नसता. त्या मुकाट्यानं मागोमाग चालत राहिल्या.

काठावर एक होडी सुटायच्या बेतात होती.

"कुठे जाते?" सिस्टरनं नावाड्याला विचारलं.

"पलीकडे."

"पलीकडे काय आहे?"

"काही नाही."

"मग चला," म्हणत सिस्टर होडीत उतरल्या.

नावाडी शब्दाचा पक्का निघाला. पलीकडे एक बंद शाळा, एक पत्र्याची शेड आणि शेडखाली एक लांब बाक, याखेरीज काही म्हणजे काही नव्हतं. होडी परत गेली.

"चिंगे, तुझ्या बॅगेत खायला काय आहे?" टेलरबाईंनी हळूच विचारलं.

"खायला काहीच नाही. नियम होता ना, ठरवायचं नाही म्हणून? तेवढंच एक मी पाळलं."

दुपार चढत गेली, मग कलू लागली. टेलरबाईंचं सगळं लक्ष सिस्टरच्या ॲसिडिटीवर. पण सिस्टर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. साडी भिजत होती, केस सुटले होते, आणि मधूनच त्या कशालाही हसत होत्या. एकदा तर चिंगीच्या चपलेत बेडूक शिरला म्हणून इतक्या हसल्या की ठसका लागला. असं हसताना टेलरबाईंनी तिला कॉलेजनंतर पाहिलं नव्हतं. हे हसू आता आपल्याला कुठे ऐकायला मिळणार, असं वाटून त्यांना तिच्यापासून नजर काढवेना.

ऊन उतरत असताना पाण्यावर पुन्हा ती होडी दिसली. आत कुणीतरी उभं होतं. जवळ आल्यावर दिसलं, लॉजवाल्या बाई. एका हातात जेवणाचा भलामोठा डबा, काखोटीला तीन उशा.

बाई काठावर उतरल्या. मन खात होतं, पण भूमिका सोडायला त्या अजून तयार नव्हत्या.

"मी आपल्याला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे जेवण जास्त झालं. म्हटलं, कुणा वाटसरूंना द्यावं."

"आणि उशा?" सिस्टरनं विचारलं.

"उशाही जास्त झाल्या." बाईंनी डबा बाकावर ठेवला. "खालचं सगळं नेहमीचं. वरच्या कप्प्यात कमी तिखटाचं आहे सिस्टरताईंसाठी, फोनवर सांगितलं होतं तसं."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. त्यांनी टेलरबाईंकडे पाहिलं, टेलरबाईंनी तळ्याकडे पाहिलं. मग बाई होडीत जाऊन बसल्या आणि होडी निघाली.

 चिंगीला डब्याचं झाकण उघडायचं होतं, पण हात पुढे करायची तिची हिंमत होईना.

"गरगरणंही खोटं?" सिस्टरनं विचारलं.

"हो."

"एकच दिवस मागितला होता, टेप."

"माहीत आहे." टेलरबाईंचा आवाज चिरकला. "पण एकच होता ना, म्हणून तर. तू येत्या आठवड्यात जाणार. हा दिवस फसला असता तर मी तुला दुसरा कुठून दिला असता? तू तिकडे बसून हा आठवणार, आणि आठवताना तुझ्या पोटात आग पडलेली असणार, हे मला नको होतं. मला तू जायलाच नको आहेस. पण ते कुणाला सांगू? तुझ्या लेकीला सांगू?"

 सिस्टरनं पदरानं पाय पुसले, येऊन बाकावर बसल्या. राग होता, पण तो कुठे ठेवावा ते त्यांना समजत नसावं.

"बरं, मग सांग आता," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढचंही सगळं बांधून ठेवलं असशील. परतीचं काय ठरवलंयस?"

टेलरबाईंनी उशीचा अभ्रा उगाच नीट केला.

"परतीचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"राहिलं म्हणजे?"

"फोन उचलायचे गाडी विचारायला. पण परतीपाशी आलं की हात पुढे जाईना. मग खाली ठेवायचे आणि कुणाचा तरी झगा दुमडत बसायचे. काल रात्रीपर्यंत असंच चाललं होतं."

चिंगी एव्हाना उभी राहिली होती आणि डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघत होती. होडी पार पलीकडच्या काठाला लागली होती. नावाड्यानं ती वर ओढून उलटी घातली.

"टेप, ती शेवटची होती का गं?" चिंगीनं विचारलं.

"मला काय माहीत?"

हे टेलरबाईंच्या तोंडून याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. सिस्टरनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, जुन्या सवयीनं मनगटही धरलं. नाडी आता संथ चालत होती. खरं बोलत होत्या बाई. सिस्टरनं मनगट सोडलं नाही, दुसऱ्या हातानं डब्याची कडी उघडली.

"वाढ गं चिंगे," त्या म्हणाल्या. "मलाही तिखटातलंच वाढ."

जेवणं झाली. चिंगीनं उशा पुन्हा पुन्हा पाहिल्या. "तीनच आहेत. मला दोन लागतात."

"माझी घे," टेलरबाई म्हणाल्या. "मला आज कुठली झोप? मी आपली सिस्टरशी बोलत बसणार. केवढं बोलायचं राहिलंय."

बोलायचं खरंच पुष्कळ राहिलं होतं, इतक्या वर्षांचं. पण चिंगीनं भांडी विसळून आणेपर्यंत टेलरबाई सिस्टरच्या खांद्यावर मान टाकून चक्क घोरायला लागल्या होत्या. चिंगी त्यांना उठवायला वाकली, तेव्हा सिस्टरनं डोळ्यांनीच नको म्हटलं. खांद्याला केव्हाची रग लागली होती, पण तो त्यांनी जरासुद्धा हलवला नाही.