पिवळ्या कॅरिअरचं वऱ्हाड

हर्षलने आपल्या जीपच्या टपावर बसवलेलं कॅरिअर हे नाशिक जिल्ह्यातलं सगळ्यात उत्तम कॅरिअर होतं. हे त्याचं मत नव्हतं, निष्कर्ष होता! मत काय, कुणालाही असतं. निष्कर्षाला वही लागते. हर्षलकडे वही होती.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. होऊन त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. घरची मखमलाबादला फुलशेती. वडील पंचवटीच्या बाजारात बसत आणि आई, म्हणजे कुसाबाई, मळा सांभाळत. पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर ट्रॅक्टरसुद्धा रुतायचा, म्हणून वडिलांनी सरकारी लिलावातून चारही चाकांनी ओढणारी एक काळी जीप आणली होती. चिखलात ती रेड्यासारखी चालायची. फक्त आत फुलं ठेवली की इंजिनच्या गरमीने तासाभरात त्यांची भाजी व्हायची!

आणि आता तर फोनवरून नांदगावची ऑर्डर आली होती. तिथले किराणा दुकानदार रंगनाथ यांच्या मुलीचं, निकिताचं लग्न. मांडवाची सगळी फुलं कुसाबाईंनी द्यायची. मुहूर्त अकरा पस्तीसचा, फुलं दहाच्या आत पोचायला हवीत. आजवर फुलं कुसाबाईंची असायची आणि नाव अडत्याचं व्हायचं. ही पहिली ऑर्डर त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. त्या आठवडाभर झोपेतसुद्धा "दहाच्या आत, दहाच्या आत" म्हणत होत्या.

"टेम्पो सांगू का?" वडिलांनी विचारलं.

"टेम्पोत फुलं गुदमरतात," हर्षल म्हणाला. "फुलं टपावर, वाऱ्यात न्यायची. कॅरिअरचं माझ्यावर सोडा."

तो द्वारका सर्कलजवळच्या तीन दुकानांत जाऊन आला. पहिल्या कॅरिअरला चारच पाय होते, म्हणजे सगळा भार चार ठिकाणी येऊन टप चेपणार. दुसऱ्याची कड इतकी उंच, की गाडी वळणावर झोकांडी खाणार. तिसरं बरं होतं, पण दुकानदाराला त्याचं वजन सांगता येईना! शेवटी हर्षलने स्वतः चित्र काढून वेल्डरकडून करून घेतलं. आठ पाय, बुटकी कड आणि आईची उंची कमी म्हणून मागच्या बाजूला शिडी. वाळूच्या पोत्यांनी त्याने ते नव्वद किलोपर्यंत तपासलं. मग रंग.

"डिसेंबरात पहाटे धुकं असतं. माणसाच्या डोळ्याला धुक्यात काय पटकन दिसतं? पिवळा!" त्याने स्वतःच ब्रश घेतला आणि कॅरिअर, शिडी, शिवाय जीपच्या कडेने एक जाड पट्टा, सगळं पिवळंधमक करून टाकलं.

कुसाबाई लांब उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. "हर्षल, हा रंग कुठंतरी पाह्यल्यासारखा वाटतो रे."

"सूर्यफूल असेल, आई."

काळी जीप आणि तिच्यावर पिवळा रंग म्हणजे काय, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला कळलं असतं. पण शेंबड्या पोरांना कुणी बी.एस्सी.ची डिग्री देत नाही.

सकाळी सहाला शेवंती, झेंडू आणि निशिगंधाचे बारा क्रेट वर चढवून मायलेक निघाले. आडगावच्या फाट्यावर एका माणसाने हात वर केला. हर्षलनेही हसून हात केला. पुढे आणखी दोघांनी केला. ओझरपर्यंत पोचेस्तो त्याने हिशोब केला: रस्त्याकडेला उभी माणसं एकवीस, हात करणारी अठरा!

"बघितलंस? धुक्यातसुद्धा शंभरातल्या पंचाऐंशी जणांना गाडी दिसते!"

"दिसते ती दिसते," कुसाबाई मागे वळून म्हणाल्या, "पण आपण पुढं गेल्यावर ते शिव्या का देतात?"

हर्षलने शिव्या हिशोबात धरल्या नाहीत.

निफाडला हर्षल रेडिएटरमध्ये पाणी घालायला उतरला. हापशावर रांग होती. दहा मिनिटांनी बादली घेऊन येतो तर काय, जीप भरलेली! मागच्या बाकांवर सहा माणसं, त्यांच्या मांडीवर गाठोडी, पायात पिशव्या, आणि पांढरी टोपी घातलेले एक आजोबा शिडीवर चढून कॅरिअरवर कोंबड्यांचं डालगं बांधत होते.

"अहो, अहो! काय करताय?"

"फुलांना धक्का नाय लागू दिला, डायवर," आजोबा वरून म्हणाले. त्यांचं नाव पुंजाराम. "चला, फुल्ल झाली."

"ही खाजगी गाडी आहे!"

"सगळ्यांच्या खाजगीच असत्यात. सरकारी फक्त येष्टी."

हर्षलने आईकडे बघितलं. कुसाबाई पदराशी खेळत म्हणाल्या, "त्या बाईंनी विचारलं, नांदगावला जाते का? आता जाते तर जाते म्हणायचं का नाही? खोटं कसं बोलू?"

"त्या बाई" म्हणजे वत्सलाबाई खिडकीपाशी ऐसपैस बसून तंबाखू मळत होत्या.

उतरा म्हणून सांगितलं तर उतरेना कुणी. रोजची गाडी आज आलीच नाही म्हणे! आता वाद घालण्यात वेळ घालवायचा की निघायचं? पण भाराचं काय? हर्षलने वही काढली. "प्रत्येकाने आपापलं वजन सांगा."

"कांद्याच्या दीड गोण्या धर," पुंजाराम म्हणाले.

"आणि तुमचं, आजी?"

"बाईमाणसाचं वजन विचारतो?" वत्सलाबाई डोळे वटारून म्हणाल्या. "लगीन करतो का माझ्यासंगं?"

सगळी जीप खदाखदा हसली. हर्षलने वही मिटली. पण एक गोष्ट त्याने ठामपणे मिळवली: टपावर कोंबड्या जातील, माणूस जाणार नाही! आपलंच ऐकलं गेलं या समाधानात त्याने गाडी सोडली. लासलगावपर्यंत त्याने मनातल्या मनात बेरीज केली. गाडी उत्तम चालली होती. चढावर जरा कण्हत होती, पण भार कुठे, किती आणि का, हे तिच्या मालकाला नेमकं माहीत होतं. असं किती मालकांना सांगता येईल?

मनमाडच्या स्टँडसमोर एक जीप आडवी आली. मागून दुसरी येऊन चिकटली. दोन्ही काळ्या, दोन्हींवर पिवळा पट्टा, दोन्हींवर कॅरिअर. हर्षलने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, मग मान बाहेर काढून आपल्या टपाकडे बघितलं.

आत्ता कुठे त्याला कळलं!

"आई, आपली गाडी काळी-पिवळी आहे!"

"तेच मी म्हणत होते, कुठंतरी पाह्यलाय हा रंग!"

एक जाडजूड माणूस हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला. स्टँडवरच्या गाड्यांचे नंबर तो लावायचा, म्हणून सगळे त्याला नंबरवालाच म्हणत. "काय रे चष्मेवाल्या, नवा का लाईनवर? नंबर न लावता पॅसेंजर ओढतो?"

"अहो, माझी टॅक्सी नाहीच! आईने बसवलेत लोक."

"आईलासुद्धा धंद्यात घेतलं! हे सगळे पॅसेंजर पहिल्या गाडीत जातील."

"घ्या ना!" हर्षल आनंदाने म्हणाला. "सगळे घ्या! कोंबड्यासुद्धा घ्या!"

नंबरवाल्याने डोळे बारीक केले. वीस वर्षांत इतक्या खुशीने पॅसेंजर सोडणारा ड्रायव्हर त्याने बघितला नव्हता. "अस्सं! म्हणजे आमच्याकडं हे सोडायचे अन् पुढच्या फाट्यावर रिकाम्या गाडीत दुप्पट भरायचे! पोरा, तू शिकलेला दिसतो. अजिबात जायचं नाय. पॅसेंजरसकट नंबरात लाव!" आणि त्याने सात नंबरची चिठ्ठी हर्षलच्या खिशात कोंबली.

आठ चाळीस झाले होते. पुढे सहा गाड्या. प्रत्येक भरून सुटायला पस्तीस मिनिटं. पस्तीस सक दोनशे दहा मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. म्हणजे बारा दहा. मुहूर्त अकरा पस्तीसचा! हर्षलचं गणित आयुष्यात कधी चुकलं नव्हतं आणि ते चुकावं असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

त्याने आईकडे बघितलं. कुसाबाईंचा चेहरा उतरला होता. मग एकदम त्या खाली उतरल्या.

"दादा, लग्नाच्या गाडीला नंबर असतो का हो?"

"छे! लग्नाची गाडी सोडावीच लागते. पद्धतच हाये."

"मग ही लग्नाची गाडी. नांदगावला चाललोय."

नंबरवाल्याने आत डोकावून बघितलं. वत्सलाबाई तंबाखूची पिंक टाकत होत्या. पुंजाराम जांभई देत होते. एक जण बनियनवर होता. "हे वऱ्हाड?"

"घाईघाईत निघालो. नटायचं राहिलंय अजून." कुसाबाई शिडीवरून सरसर चढल्या, एक क्रेट उघडला आणि बघता बघता वत्सलाबाईंच्या अंबाड्यावर शेवंती आली, पुंजारामांच्या टोपीत झेंडू आला, बनियनवाल्याच्या गळ्यात हार आला आणि बॉनेटवर निशिगंधाची जाळी झाली.

पुंजारामांना प्रसंग लगेच कळला. टोपी सारखी करून ते गुरकावले, "मी नवरदेवाचा मामा! अडवून दाखव!"

नंबरवाल्याने हात जोडले, चिठ्ठी परत घेतली आणि स्वतः पुढची जीप बाजूला काढायला लावली.

"पाहिलंस?" हर्षल गाडी पळवत म्हणाला. "कॅरिअरवर फुलं हाताशी होती म्हणून जमलं. आत असती तर क्रेट काढता आला असता?"

दहाला दहा मिनिटं कमी असताना ते नांदगावला मांडवापाशी पोचले. हर्षलने आईकडे अभिमानाने बघितलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "वऱ्हाड आलं! वऱ्हाड आलं!" आणि बँड दणाणला.

फुलांनी मढलेली जीप, तिच्यातून उतरणारी फुलं माळलेली माणसं! मुलीच्या मांडवात सगळे निफाडकडून येणाऱ्या वऱ्हाडाची वाटच बघत होते. पाच बायका आरतीची ताटं घेऊन धावल्या. हर्षल तोंड उघडेपर्यंत त्याच्या कपाळावर कुंकू लागलं आणि हातात नारळ आला.

"नवरदेव?" रंगनाथांनी घामाघूम होत विचारलं.

"मी त्याचा मामा. तो मागून येतोय," पुंजारामांनी सांगून टाकलं. "रेल्वे गेटात अडकलाय. चहा असला तर सांगा, साखर बेताची."

हर्षल शिडीकडे धावला आणि क्रेटला हात घातला. रंगनाथांनी त्याला कमरेला धरून खाली ओढलं. "नवरदेवाच्या भावाने आमच्या दारात ओझं उचलायचं? नांदगावची अब्रू आहे का नाही?"

"अहो, मी फुलवाला आहे!"

"हो हो, आणि मी बँडवाला!" रंगनाथ पोट धरून हसले. "निकिताचे दीर गमत्ये आहेत बरं का!"

त्याला पहिल्या रांगेतल्या गादीवर बसवलं गेलं. शेजारी कुसाबाई, मांडीवर नारळ. समोर पोहे. दहा वाजले. सव्वादहा झाले. वत्सलाबाईंनी दुसऱ्यांदा पोहे घेतले. टपावर कोंबड्यांनी डालग्यातून माना काढून शेवंतीचा एक क्रेट टिपायला घेतला. आणि मांडव उघडाबोडका उभा होता.

रंगनाथ मंडपवाल्यावर ओरडत होते, "ती नाशिकची फुलवाली बाई आली का? नाही ना? तरी मला लोक सांगत होते, अडत्याकडून घ्या! या बाईच्या शब्दावर विसंबलो अन् नाक कापलं गेलं!"

ते ऐकलं मात्र, कुसाबाईंनी मांडीवरचा नारळ रंगनाथांच्या हातात दिला, पदर खोचला आणि तरातरा शिडी चढल्या. टपावर उभं राहून त्यांनी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मीच ती नाशिकची फुलवाली! दहाच्या आत आलेय मी! तुम्हीच पोहे चारत बसलात!"

बँड थांबला.

रंगनाथांनी सावकाश मान वळवली. "मग हे मामा कोण?"

"मी?" पुंजाराम बशीतला चहा संपवत म्हणाले. "मी निफाडचा पॅसेंजर."

काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण कुसाबाईंनी कुणाला बोलायला वेळच दिला नाही. "खाल्लंय ना यांचं? मग उठा! धरा क्रेट!" आणि ते सातही जण मुकाट उठले. शिडीपासून मांडवापर्यंत रांग लागली. वत्सलाबाईंचा हात हार ओवण्यात मशीनसारखा चालतो, हे तेव्हा कळलं. पंचेचाळीस मिनिटांत मांडव असा सजला, की रंगनाथ रागवायचं विसरून नुसते बघत राहिले. खरं वऱ्हाड अकराला आलं. त्यांच्यासाठी पोहे उरले नव्हते आणि बँडवाले दमले होते, पण मांडवात पाऊल टाकल्याबरोबर नवरदेवाच्या खऱ्या मामांनी विचारलं, "फुलं कुणाची हो?"

"नाशिकच्या कुसाबाईंची," रंगनाथांनी सांगितलं. नाव घेऊन!

महिन्याभराने रंगनाथ मखमलाबादला मळ्यात आले. सोबत पेढे होते. धाकट्या मुलीचा साखरपुडा ठरला होता.

"फुलं तुमचीच पाहिजेत, ताई," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची नकोत."

कुसाबाईंचा चेहरा फुलला. हर्षल पुढे सरसावला. "काळजीच सोडा, काका. मी स्वतः घेऊन येतो!"

रंगनाथ खुर्चीतून अर्धे उठले. "नको, नको! एवढं करा, फुलं एस.टी.च्या टपावर टाकून द्या. मी स्टँडवर उतरवून घेईन. तुमच्याकडून कुणी यायची गरज नाही. अगदी कुणीसुद्धा!"

हर्षलने लगेच वही उघडली. सूचना वाईट नव्हती. "एस.टी.च्या टपाची कड किती इंचांची असते हो?"

कुसाबाईंनी पेढा उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला.