वर पाहण्याचा सराव

पाच डिसेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. आमच्या छतावर, म्हणजे वरच्या मजल्यावरील पलंगावर, एक माणूस उजव्या कुशीवर कोसळला आणि कोसळता कोसळता गरजला, "हर हर!" त्यानंतर पूर्ण शांतता. मिनिटभराने तोच माणूस डाव्या कुशीवर कोसळला. "महादेव!"

मधल्या मिनिटात संपूर्ण इमारत श्वास रोखून उरलेल्या अर्ध्या घोषणेची वाट पाहत असे.

हे वसंतकाका मोहिते. बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या इमारतीत ते एकटे राहतात. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. स्वतः काकांची सगळी नोकरी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून झाली. त्यामुळे घोषणा पूर्वजांची आणि रोगनिदान फिटरचे. डॉक्टरांनी सांगितले होते की उजव्या कानाच्या आतले सूक्ष्म कण जागा सोडून समतोलाच्या नळीत शिरले आहेत. मान वर केली की ते हलतात आणि जग फिरू लागते. पलंगाच्या कडेला बसून, मान एका बाजूस वळवून, विरुद्ध कुशीवर आडवे व्हायचे, तीस सेकंद थांबायचे, उठायचे, मग दुसरी कूस. काकांनी याचे भाषांतर असे केले: "बेअरिंगमध्ये बुरादा गेलाय, बेटा. मशीन आडवं करून झटकायचं. वांधो नाही."

'वांधो नाही', म्हणजे काही हरकत नाही, हे त्यांचे सर्व परिस्थितींसाठीचे उत्तर. गॅस संपला, वांधो नाही. वीज गेली, वांधो नाही. दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे घट्ट मिटून, "वांधो नाही, फक्त भिंत चाललीय," असे म्हणतानाही मी त्यांना पाहिले आहे.

शेजारच्या हंसाबेननी एकदा जिन्यातूनच या सकाळच्या भांडणाची चौकशी केली, "मोहितेभाई, सवार सवारमां कोनी साथे लडो छो?"

"मारा कान साथे, बेन!"

"तो जरा धीमे लडो ने!"

मी प्रयोगशाळेत काम करते. पुढच्या वर्षी संशोधनासाठी परदेशी जाण्याचा माझा निश्चय आहे, आणि डोक्यावर रोज अशास्त्रीय पद्धतीने काहीतरी चालू असणे मला सहन होत नाही. दुसऱ्याच दिवशी मी वर गेले. मानेच्या कोनात चूक नव्हती. तो त्यांनी पलंगाशी गुण्या, म्हणजे कोन तपासण्याची फिटरची पट्टी, धरून निश्चित केला होता. चूक वेळेत होती. त्यांचे तीस सेकंद माझ्या घड्याळात अकरा भरले.

"काका, तीस म्हणजे तीस."

"ते तुझ्या लॅबमध्ये. चक्कर आली की आकडे पळतात गं."

तेव्हापासून घड्याळ मी धरू लागले. ही इतकी घाई कशासाठी, हेही त्याच दिवशी कळले. त्यांना उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर जाऊन पतंग उडवायचा होता. पुण्याच्या मुलीने मात्र फोनवर बजावले होते, "बाबा, गच्चीवर पाऊल ठेवायचं नाही. कठड्यापाशी चक्कर आली तर?" तिचे म्हणणे तर्कशुद्ध होते. म्हणून मी तिच्याशी बोलून एक अट ठरवली: तेरा जानेवारीला, खुर्चीत बसून, मान वर करून, तीस सेकंद चक्कर येता कामा नये. जमले तर गच्ची. तीही कठड्यापासून दूर, हाताच्या खुर्चीत, माझ्या देखरेखीखाली.

काकांनी युनियनच्या पुढाऱ्यासारखी वाटाघाट सुरू केली. "पंधरा कर."

"तीस."

"वीस. वर उंधियुं खिलवतो."

"तीस, काका."

"बरं, तीस. उंधियुं तरी घे."

पहिल्या दिवशी सहा सेकंदांत त्यांनी खुर्चीचे हात पकडले. पुढे प्रगती होत गेली. मध्येच एका सकाळी, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केल्यामुळे, सगळे कण पुन्हा भरकटले आणि आम्ही पहिल्या पायरीवर आलो. त्या दिवशी त्यांनी 'वांधो नाही' म्हटले नाही. नुसते कॅलेंडरकडे पाहिले. दुसऱ्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मात्र 'हर हर' झाले.

तेरा जानेवारीला चौतीस सेकंद भरले. काकांचे डोळे स्थिर, हात मांडीवर.

"एवढा नाद आहे पतंगाचा?" मी विचारले.

"छे! मला उडवताच येत नाही. जन्मात एक पतंग कापला नाही. माझा वर चढला की पोरं कापायला लाइन लावतात."

"मग महिनाभर हे कोसळणे कशासाठी?"

त्यांनी उशी उगाच सरळ केली. "फिरकी मालती धरायची. माझ्या मागे उभी राहून. उडवणाऱ्यानं मागे बघायचं नसतं, पतंग जातो. दोरी सैल आली की समजायचं, ती आहे."

मालतीकाकूंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

"वर बघत असलो ना बेटा, की मागे कोणी नाही ते दिसत नाही. खाली सगळीकडे दिसतं."

मी घड्याळ शून्यावर आणले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सगळे बडोदे आकाशाकडे तोंड करून उभे होते. खुर्ची मी टाकीच्या भिंतीपाशी ठेवली आणि फिरकी घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी मान वर केली. पतंग हेलकावे खात चढला. मागे न पाहताच, मला अपरिचित अशा मृदू आवाजात ते म्हणाले, "थोडी ढील दे."

मी दिली. हंसाबेन ताट घेऊन मला हाक मारणार होत्या. मी ओठांवर बोट ठेवले.

लगेचच शेजारच्या गच्चीवरून आरोळी उठली, "काप्यो छे!" कापलेला पतंग डुलत विश्वामित्री नदीकडे गेला. दोरी हलकी झाली. पतंग गेला की मान खाली, या आमच्या नियमाप्रमाणे मी त्यांना सांगायला हवे होते. त्यांचा हात तसाच वर होता, दृष्टी रिकाम्या आकाशात. मी आवाज न करता आणखी थोडी दोरी सोडली.

पतंग कापला गेल्यानंतर मान वर: चार मिनिटे, अकरा सेकंद.