लेकीचं मेम्ब्रेन आणि माझी इस्त्री

घरकामात आता माझा हात कोणी धरणार नाही! ही गेली त्याला आठ महिने झाले. पहिले दोन महिने मी नुसता खुर्चीत बसून होतो. मग ठरवलं, घर हिच्यासारखंच ठेवायचं. भिजत घातलेलं काही दिसलं की लगेच धुऊन टाकायचं, ही हिची शिस्त.

त्या दिवशी सकाळी लेक झोपलेली होती. न्हाणीघरात एक जुना पिवळट ट्रे दिसला. त्यात पाणी आणि छोट्या रुमालाएवढे पिवळट तुकडे. लेकीचे रुमाल! साबण लावला, चोळले, फॅनखाली वाळवले, कोमट इस्त्री फिरवली. पापडासारखे कडक!

लेक तयार होऊन आली. "बाबा, ट्रेमधलं मेम्ब्रेन कुठाय?"

"कोण?"

"गढूळ पाणी गाळायचा पातळ पडदा हो! आज अकराला जलशुद्धीकरण केंद्रात दाखवायचंय!"

मी ऐटीत घड्या पुढे केल्या.

"बाबा! ते वाळवायचं नसतं! वाळलं की छिद्रं मिटतात! दीड वर्षाची मेहनत होती ती!"

"तरीच पिवळी पडली होती," मी म्हणालो. म्हणायला नको होतं!

"आज नाही चाललं तर साहेब संशोधनच बंद करणार आहेत!"

मी धावत जाऊन घड्या परत ट्रेमध्ये टाकल्या, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि तान्ह्या बाळासारखा ट्रे मांडीवर घेऊन तिच्याबरोबर रिक्षात बसलो.

केंद्रात साहेब वाटच बघत होते. लेकीने पहिला तुकडा यंत्रात बसवला. पंप घरघरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खालचा ग्लास कोरडा ठणठणीत!

"अहो, थेंबही येत नाही!" साहेब म्हणाले.

"पण साहेब, घाणही आली नाही ना?" मी बाजू सावरली.

"बाबा, गप्प बसा!"

दुसरा तुकडा तसाच. तिसराही तसाच. साहेबांनी फाइल मिटली.

"तीनच?" लेक एकदम ओरडली. "मी चार ठेवले होते!"

तिने ट्रेमधलं पाणी ओतून टाकलं, तळावर नख फिरवलं. तिथे सायीसारखा चिकटलेला चौथा तुकडा! ओलाच! रंगाला रंग मिळालेला, मला दिसलाच नव्हता. तो यंत्रात बसवला. टप! टप! मग बारीक धार. साहेबांनी ग्लास उजेडात धरला, दोनदा बघितला आणि फाइल पुन्हा उघडली.

"काम चालू ठेवा."

लेक खळखळून हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा!

"आई म्हणायची ते खरंय, बाबा! कशाचाही तळ तुम्ही कधी घासतच नाही!"

"नाहीच घासत!" मी छाती फुगवून म्हणालो.

सत्तावीस वर्षं हिच्यापुढे हे कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांसकट चारचौघांत केलं. ही असती, तर घरी पोचताच करपलेलं पातेलं पुढ्यात आणून ठेवलं असतं!