राठोड सिस्टरांची डिग्री

राठोड सिस्टर कॉम्प्युटरला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. पर्समधून स्वतःचा साबण काढायच्या, कॅफेमागच्या रांजणातलं पाणी घ्यायच्या आणि मग दोन्ही हात वर धरून, ऑपरेशनला निघाल्यासारख्या आत यायच्या. खुर्ची मी ओढून द्यायची. माउस मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून द्यायचा.

"या बटनांवर किती जणांचे हात लागून राहिले, माहीत हाय का तुला?" त्या म्हणायच्या. "आन् तू त्याच हातानं बिस्कीट खातो."

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या आसपासची. कळमनुरीत दवाखान्यासमोर माझ्या मामाचा तीन कॉम्प्युटरांचा सायबर कॅफे होता आणि तिथं मी बसायचो. 'बसायचो' हा शब्द मामाचा. माझ्या मते मी तिथून समाज बदलत होतो. बाबा चळवळीतले, त्यामुळे घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. इतर पोरांचा 'क' कमळातला, माझा कष्टकऱ्यांतला. चोविसाव्या वर्षी मी कशावरही चार पानी पत्रक लिहू शकत होतो. भारनियमनावर लिहिलं होतं, रस्त्यांवर लिहिलं होतं, आणि कॅफेतल्या बंद पंख्यावरून खुद्द मामाविरुद्धही एक काढलं होतं. मामानं ते उलटं करून मागच्या बाजूला किराण्याची यादी लिहिली.

सिस्टर तांड्यावरच्या. डिप्लोमा करून नोकरीला लागल्या त्याला सतरा वर्षं झाली होती. यजमान शाळामास्तर, परभणीकडे. दोघांची बदली सतरा वर्षांत एकदाही एका गावात जमली नव्हती. लेक शिकायला पुण्यात. मास्तरांच्या गावच्या नर्सिंग शाळेत सिस्टरांना शिकवायची जागा मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी नर्सिंगची पदवी हवी. म्हणून नोकरी सांभाळून दूरच्या विद्यापीठाचा हा अभ्यास. धडे, फॉर्म, निकाल, सगळं नेटवर.

"मास्तर सतरा वर्षं आपल्या हातानं वरण करून राहिले," त्या सांगायच्या. "ते वरण रोज खायचं हाय मला. कितीक वाईट हाय ते तरी कळल."

नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. यंदा राहिलं की पहिल्या वर्षापासून पुन्हा, आणि तोवर ती जागा काही थांबणार नव्हती.

दुपारच्या सुट्टीत त्या यायच्या. नेट म्हणजे त्यांच्या लेखी एक अत्यवस्थ पेशंट. कॉम्प्युटरशेजारी खिळ्याला त्यांनी पुठ्ठा अडकवला होता आणि त्यावर नोंदी ठेवल्या होत्या: 'एक वाजून दहा, कनेक्शन आलं. एक वाजून चौदा, गेलं. एक वाजून वीस, हाक मारल्यावर प्रतिसाद नाही.' लाईट गेली की बाकीची गिऱ्हाइकं मला शिव्या द्यायची. सिस्टर पेन काढायच्या. "लिहिलं न्हाई ते झालं न्हाई," हे त्यांचं पालुपद. चॅटिंगला आलेल्या एका पोराला त्यांनी खालची पापणी ओढून तपासलं आणि "रगत न्हाई अंगात, आन् मैत्रिणी कशाला पाहिजेत?" म्हणून हिरव्या भाज्यांची यादी हातात दिली. पोरगं पुन्हा आलं नाही. मामानं याचा हिशोब माझ्या नावावर टाकला.

इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण सलग लिहायची वेळ आली की हात अडायचा. तेव्हा त्या मराठीत लिहायच्या आणि मी ते इंग्रजीत करून टाईप करायचो. इथंच सगळं बिघडलं.

शेवटचं काम राहिलं होतं ते केस स्टडीचं. एक पेशंट धरायचा, त्याला रोज भेटायचं, काय तकलीफ आहे, आपण काय केलं, काय फरक पडला, हे रकान्यांत लिहायचं. सिस्टरांनी तांड्यावरची एक बाळंतीण घेतली होती. अंगात रक्त कमी, ऊसतोडीला जायची घाई. त्यांनी लिहिलं होतं: 'पायावर सूज. गोळ्या रोज समोर बसून दिल्या. चौथ्या दिवशी हसली.'

मी ते वाचलं आणि माझ्यातला पत्रकवाला जागा झाला. एवढ्या मोठ्या अन्यायावर इतकी बारकी वाक्यं? 'पायावर सूज' याचं मी 'या सुजलेल्या पावलांवर कोणाचे साखर कारखाने उभे आहेत?' असं केलं. गोळ्यांच्या रकान्यात व्यवस्थेचा धिक्कार केला. 'चौथ्या दिवशी हसली' हे मला मवाळ वाटलं, म्हणून तिथं बाळंतिणीची मूठ वळवली. सिस्टरांना वाटलं, इंग्रजीत जरा लांबत असेल. मी सात पानं पाठवून दिली आणि आठवडाभर स्वतःवर खूश होतो.

मग परीक्षकांचा शेरा आला. "हे भाषण आहे. यात रुग्ण कुठे आहे? नवीन केस घेऊन, किमान दहा दिवसांच्या सलग नोंदींसह पुन्हा सादर करा." अखेरच्या तारखेला बारा दिवस उरले होते.

मी सिस्टरांना सगळं कबूल केलं. विद्यापीठाविरुद्ध पत्रक काढायची तयारीही दाखवली.

"तिची मूठ काहून वळवली रे?" त्यांनी विचारलं. "तिला मूठ वळायची ताकत असती तर मी गोळ्या कशाला दिल्या असत्या?"



बाळंतीण एव्हाना टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती. दवाखान्यात येणारा पेशंट दोन दिवसांत बरा होऊन घरी जायचा, नाहीतर मोठ्या दवाखान्यात. रोज एकाच जागी, एकाच वेळी, दहा दिवस सापडणारा माणूस आणायचा कुठून? दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, माझ्यापुढं एक कागद सरकवला आणि म्हणाल्या, "सही कर." वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका, असं पत्रक मी स्वतः तीन गावांत वाटलं होतं. पण अपराधी माणूस काय वाचणार? केली सही.

तेव्हापासून त्या रोज दोन माणसांचा डबा आणायला लागल्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी पिठलं. मला वाटलं, बाईनं मोठ्या मनानं माफ केलं. मी जेवता जेवता जगाची परिस्थिती समजावून सांगायचो, त्या मान डोलवायच्या आणि मध्येच विचारायच्या, "रात्री किती वाजता झोपला? सकाळी काय खाल्लं? चहा धरू नको त्यात." मी मनात म्हटलं, पहा, माझ्या विचारांचा हिच्यावर परिणाम होतोय.

अकराव्या दिवशी त्यांनी वही दिली. "एक शब्द जास्त न्हाई, एक कमी न्हाई. मूठ तर बिलकुल न्हाई."

मी पहिल्या पानापासून इंग्रजी करायला घेतलं. 'रुग्ण पुरुष. वय चोवीस. अविवाहित. पत्रकं लिहितो.' माझे हात थांबले. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

'मुख्य तकलीफ: दिवसाला नऊ चहा, जेवण शून्य. रागावल्यावर छातीत जळजळ होते, त्याला रुग्ण क्रांती समजतो. वजन कमी. नखं खातो. वडील दौऱ्यावर असतात, घरी चूल पेटत नाही. रुग्ण सगळ्यांच्या भुकेवर बोलतो, स्वतःची सांगत नाही.'

चार पानी पत्रकात माझ्याबद्दल इतकं खरं मीसुद्धा लिहिलं नसतं. शब्द न वाढवता मी टाईप करत गेलो. 'तिसरा दिवस: एक भाकरी. पाचवा: दोन. सहावा: भाषण चालू असताना घास घेतला, सुधारणा.' नवव्या दिवशी एक वेगळीच ओळ होती: 'आज परिचारिकाही पोटभर जेवली. एकटीला जेवण जात नाही.'

सिस्टर मागं येऊन उभ्या होत्या.

"ही ओळ इंग्रजीत नको."

"तुमीच म्हणाल्या ना, एक शब्द कमी न्हाई?"

"पेशंटच्या कागदावर नर्सचं काही नसते लेकरा. चुकून लिहिलं गेलं."

माझ्या लिखाणातला स्वल्पविरामसुद्धा कोणी काढला तर मी भांडत आलोय. ती ओळ मात्र मी सोडली. केस वेळेत गेली, सिस्टर पास झाल्या, आणि पुढं मास्तरांच्या गावच्या शाळेत शिकवायलाही लागल्या. मास्तरांचं वरण फारसं वाईट नाही, असं त्यांनी फोनवर कळवलं. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

फाईल गेल्याचा संदेश आला. सिस्टरांनी रिकामा डबा पिशवीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"आता उद्या यायचं काही काम न्हाई राहिलं," त्या म्हणाल्या.

कशावरही चार पानं लिहिणाऱ्या मला एक वाक्य सुचेना. जे सुचलं ते धडधडीत खोटं होतं.

"सिस्टर, मला चक्कर येऊन राहिली."

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या, माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडं बघत नाडी मोजायला लागल्या. कॅफेत दुसरं कोणी नव्हतं.

"बराबर हाय नाडी," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "तरी पण मिनिट पुरं होऊ दे."

मी समोरच्या घड्याळाकडं पाहिलं. चार मिनिटं होऊन गेली होती.