काकूचं ‘टेका घटकाभर’

कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. कौसाकाकूच्या ओसरीवर मी आजवर एकदाही झोपलेलो नाही. नुसता डोळे मिटून पडलोय.

कौसाकाकू माझी धाकटी चुलती. आखाडा बाळापुरात, नांदेडच्या रस्त्यालगत राहते. कळमनुरीहून कामाला आलो की दुपारी जेवायला तिच्याकडेच. पण तिच्यासमोर ‘जरा आराम करतो’ म्हणायची सोय नाही. लगेच कपाळावर तळहात.

“काहून रं? काय दुखून राहिलं?”

आराम दुखणेकऱ्याचा. वाटसरूनं टेकायचं, जेवलेल्यानं लवंडायचं, हळद शिजवून आलेल्यानं अंग टाकायचं.

“अन् जावयानं?” मी एकदा विचारलं.

“ते पडून राहतेत. उठवल्याबिगर उठत न्हाईत.”

तिचं ‘टेका घटकाभर’ म्हणजे हुकूमच. दारातला लिंब तारांना लागतो म्हणून एक वायरमन कुऱ्हाड घेऊन आला.

“मावशी, आत्ताच तोडावा लागतो!”

“तोड की. आधी टेक, पाणी पी.”

पाण्यामागून ताक आलं, ताकामागून उशी. थोड्या वेळानं गडी बूट काढून त्याच लिंबाच्या सावलीत घोरत होता. उठला, चार फांद्या छाटल्या, पाया पडून गेला. लिंब अजून उभा आहे. मी मनातल्या मनात काकूला हात जोडले.

मला दुपारी झोप येत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटतो. असाच एकदा पडलो होतो. काकू उशाशी बसून पदरानं माशा वारत होती. मी झोपलो असं वाटल्यावर ती हळूच बोलू लागली. शेळीचं झालं, गुडघ्याचं झालं. मग म्हणाली, “मी भांडे घासत असले की तुहे काका हाक मारायचे. कौसा, टेक घटकाभर. आता समद्याला मीच म्हणून राहिले. मला कोणी म्हणत न्हाई रं.”

तेव्हापासून दर खेपेला ती बोलते आणि मी झोपेचं सोंग घेतो. माणूस जागं असलं की ती फक्त जेवलास का विचारते. मी ऐकतो हे कळलं, तर तिचं हे बोलणंही थांबेल, ही भीती.

परवा निघालो तेव्हा ती डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन दारातच भेटली. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणालो, “येतो काकू.”

‘काकू, टेक घटकाभर.’ एवढं मी तिला अजून देणं लागतो.